एका पुरुषामागे एकच बाई

आता हेलसिंकीत कुणीही कुठेही घुसतं. पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात टाय नाही, बरोबर कोण आहे कोण नाही याची कुणाला फिकीर नाही. दार ढकललं की आत. सोय झाली हे कबूल. पण नाचाच्या हॉटेलात पाऊल टाकणं ही एके काळी पोरींच्या आयुष्यातली केवढी मोठी गोष्ट होती, हे आता कुणाला सांगून पटत नाही. लढाई संपून दहा-बारा वर्षं झाली होती तेव्हाची ही हकिकत. तेव्हा शनिवारी संध्याकाळी बाईमाणसाला हॉटेलात जायचं तर बरोबर पुरुष लागायचा. असं कायद्याच्या पुस्तकात लिहिलं होतं की नव्हतं, देव जाणे. पण दरवानाच्या डोक्यात ते पक्कं लिहिलेलं होतं, आणि दारात पुस्तक नव्हे, दरवान उभा असायचा.

हेल्मी केरानेन पार उत्तरेकडच्या सुओमुस्सल्मीहून आली होती आणि एका विमा कंपनीत टाइपिस्ट होती. तिची शनिवार संध्याकाळ ठरलेली होती. इमारतीच्या तळघरातल्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, आपला नंबर आला की अंग शेकून घ्यायचं, केस वाळवायचे, आणि गालांवरची लाली उतरायच्या आत बाहेर पडायचं. दुकानांच्या काचेतले कोट बघायचे, एक कॉफी आणि एक गोड बन पुरवून पुरवून खायचा, छपरांवरच्या निळ्या-लाल दिव्यांची अक्षरं वाचायची, आणि शेवटी ‘कुल्ताकेल्लो’ या हॉटेलासमोरच्या फुटपाथवर जाऊन उभं राहायचं. दार उघडलं की आतल्या टँगोचा एक तुकडा बाहेर यायचा. मिटलं की गप्प. असे पाच-सात तुकडे गोळा झाले की ट्राम पकडून घरी. एवढंच तिचं राजधानीतलं रात्रीचं जीवन. आणि काय सांगू, पुढे सगळी हॉटेलं आतून पाहून झाल्यावरही तिला त्या फुटपाथवरचे तुकडेच जास्त आठवायचे.

घोटाळा झाला तो टेलिफोनमुळे. गावात फोन एकच, दुकानात. आईचा फोन म्हणजे मिठाच्या पोत्यांवर बसून निम्मं गाव ऐकणार. आईनं विचारलं, “शनिवारी काय करतेस गं तिकडे?” आता दुकानातल्या सगळ्यांसमोर आईनं काय ऐकावं? की पोरगी फुटपाथवर उभी असते? हेल्मी म्हणाली, “जाते की नाचायला.” “कुठे?” “कुल्ताकेल्लोत.” “दर शनिवारी?” “हो तर.” संध्याकाळपर्यंत ही बातमी पाद्रीबुवांपर्यंत पोचली. पाद्रीबुवांना काळजी वाटली आणि बाकी गावाला अभिमान.

मार्चमध्ये आई आली. इडा केरानेन, पन्नाशीची, गोल, हिंडती-फिरती बाई. पायात गुडघ्यापर्यंतचे जाड लोकरी बूट, हातात घरी भाजलेलं चीज, तोंडात खास हेलसिंकीसाठी करून घेतलेली नवी कोरी कवळी. बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाली, “पोरी, मला चर्च नको, बंदर नको, म्युझियम नको. उद्या शनिवार. तू जातेस तिथं मला ने.”

“आई, तिथं फार गर्दी असते गं.”

“असू दे. मला दोन गाणी नाचायची आहेत. खऱ्या बँडवर. परवा गाडीत बसले की झालं, मग काही मागणं नाही.”

लढाईच्या वर्षांत देशभर नाचाला बंदी होती. तिकडे माणसं मरत असताना इकडे नाचायचं नाही, हे बरोबरच होतं. पण बंदी उठली तोवर इडाला नाचायला नेणारा उरला नव्हता. आणि दोन गाणी का, तर आमच्याकडे नाचायला बोलावलं की दोन गाणी नाचायची, एकही कमी नाही, आणि मग बाईला तिच्या जागेवर नेऊन सोडायचं. इडानं हिशेबानं एकदाच्या नाचाएवढंच मागितलं होतं. त्या रात्री हेल्मीला झोप लागली नाही. आई तिथं जाऊन उभी राहणार आणि दरवान आपल्याकडे बघून म्हणणार, ही कोण? हिला कधी पाहिलं नाही. म्हणजे आईचा नाचही गेला आणि आपली अब्रूही.

सकाळी तिनं घरमालकीण लिंडरूसबाईंना विश्वासात घेतलं. लिंडरूसबाईंना विश्वासात घेणं म्हणजे जिन्यात घंटा वाजवणं. पण दुसरं होतं कोण?

“दोघीच जाणार?” बाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला. “अगं, वेड लागलंय का? दोन बायका एकट्या! तुम्हाला काय समजतील लोक?”

“आई पन्नास वर्षांची आहे हो. कवळी आहे तिला.”

“दरवान कवळी बघत नाही. पुरुष हवा.”

खालून राखणदाराची बायको पुल्कीबाई दूध घेऊन वर आली होती ती तशीच थांबली. तिनं आपला नवरा देऊ केला. वर हेही सांगितलं की तो आत नेईल, पण बाहेर त्याला दोघींनीच आणावं लागेल, खांद्यांवरून. मग दोघी बायका वाद घालू लागल्या की टोपी घालावी की डोकं मोकळं ठेवावं. लिंडरूसबाईंच्या मते टोपीनं बाई घरंदाज दिसते. पुल्कीबाईंच्या मते टोपी दिवसा. संध्याकाळी टोपी घातली की बाई हॉटेल तपासायला आलेली सरकारी निरीक्षक वाटते आणि वेटर घाबरतात. यात अर्धा तास गेला. शेवटी लिंडरूसबाई म्हणाल्या, “पलीकडच्या खोलीतल्या सायकोनेनना विचारते.”

ताउनो सायकोनेन नकाशे काढायच्या कचेरीत होता. दिवसभर डोंगरांच्या उंचीच्या बारीक बारीक रेषा काढायचा आणि घरी येऊन गप्प बसायचा. हेल्मीशी चार महिन्यांत तो एकच शब्द बोलला होता, “नमस्कार,” तोही जिन्यातला दिवा गेला होता तेव्हा. लिंडरूसबाईंनी त्याला सगळं समजावलं. तो कानापर्यंत लाल झाला आणि त्यानं मान हलवली. हो का नाही, हे बाईंनीच ठरवलं.

पण ताउनोकडे काळा सूट नव्हता. तेव्हा लिंडरूसबाईंच्या दिवंगत यजमानांचा सूट पेटीतून निघाला. यजमान बुटके आणि रुंद, ताउनो उंच आणि चिंचोळा. बाह्या कोपराच्या जरा खाली संपल्या आणि पोटापाशी एक जास्तीचा माणूस मावेल एवढी जागा उरली. डांबरगोळ्यांचा वास तर असा की आईला एकामागून एक शिंका आल्या. “छान दिसतोस हो,” शिंका थांबल्यावर आई म्हणाली. “तुझ्या अंगाला कसर म्हणून लागायची नाही.” आईचे लोकरी बूट उतरवून तिला लिंडरूसबाईंचे टाचेचे बूट घातले. ते मोठे होत होते, म्हणून आत लोकरी मोजे कोंबले. अशी ही वरात निघाली.

कुल्ताकेल्लोसमोर रांग लागली होती. ओल्या लोकरीचा, सेंटचा आणि सिगारेटींचा मिळून एक वास असायचा त्या रांगांना. आता तो कुठे मिळत नाही. दारात दरवान रंताला. लढाईत तो सार्जंट होता आणि लढाई संपल्याचं त्याला कुणी कळवलं नव्हतं. सोनेरी पट्ट्याची टोपी, छाती ही पुढे, आणि नजर अशी की चांगले चांगले डॉक्टर-वकील त्याच्यापुढे आल्यावर टाय चाचपायचे.

ताउनो पुढे झाला. रंतालानं त्याच्या बाह्या पाहिल्या, वास घेतला, टाय पाहिला. टाय होता. मग एका बाईकडे पाहिलं, दुसऱ्या बाईकडे पाहिलं.

“एका पुरुषामागे एकच बाई,” तो म्हणाला.

“पण साहेब, आम्ही एकत्र आहोत,” हेल्मी म्हणाली.

“असाल. एका पुरुषामागे एक. दोघी हव्या तर दोन पुरुष आणा.”

“सुओमुस्सल्मीत असते तर दुसरा पुरुष आणला असता हो,” आई म्हणाली, “इथं कुठून आणू? हे घ्या, चीज खाता का? घरचं आहे.”

रंतालानं चीजकडे असं पाहिलं की जणू त्यात पिस्तूल आहे. मागून रांग ओरडायला लागली. हेल्मीचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता: आईनं त्याला काही विचारायच्या आत तिला आत ढकलायचं. “आई, तू जा यांच्याबरोबर. मी येतेच मागून. माझी काय, ओळख आहे इथं.”

“मग सांग की ओळखीच्यांना!”

“सांगते, सांगते. जा तू!” आणि दार मिटलं. आई आत, आणि जिचं हे नेहमीचं हॉटेल ती बाहेर बर्फात.

रांगेच्या कडेला टेलिफोन खात्यातल्या दोन पोरी उभ्या होत्या. त्या दर शनिवारी अशाच उभ्या असत, एकटा पुरुष आला की त्याच्या दंडाला धरून आत शिरत. त्यांनी हेल्मीला धडे दिले. “हातमोजा हरवल्यासारखं करायचं,” एक म्हणाली. “दात विचकायचे नाहीत,” दुसरी म्हणाली. “एकटा दिसला की विचारून टाकायचं, क्षमा करा, आपल्याबरोबर कुणी बाई आहे का?”

हेल्मीनं धीर गोळा केला. एक जाडसर सभ्य गृहस्थ पाठमोरे उभे होते. ती गेली, घसा साफ केला आणि म्हणाली, “क्षमा करा, आपल्याबरोबर कुणी बाई आहे का?”

गृहस्थ वळले. तिच्या कचेरीतले विभागप्रमुख न्यूस्त्रमसाहेब.

“मिस केरानेन?”

“मी... ट्रामची वाट बघतेय, साहेब.”

“ट्रामचा थांबा तिकडे आहे.”

“हो साहेब. तिकडेच निघाले होते.” आणि ती थांब्यावर जाऊन उभी राहिली, कारण न्यूस्त्रमसाहेब बघत होते. तेवढ्यात ट्राम आली. कंडक्टर म्हणाला, “चढा.” ती म्हणाली, “नाही, मी नुसती उभी आहे.” कंडक्टर म्हणाला, “मग थांब्यावर कशाला?” अख्खी ट्राम खिडकीतून तिच्याकडे बघत राहिली आणि मग गेली. सोमवारी कचेरीत तोंड कसं दाखवायचं, या विचारानं तिला तिथल्या तिथे घाम फुटला, त्या थंडीत.

ती परत आली तर डोक्यावरून आवाज आला. “शुक शुक.” हॉटेलच्या बाजूच्या भिंतीला पुरुषांच्या मोरीची खिडकी होती आणि तिला हवेसाठी एक वीतभर झडप. त्या झडपेत ताउनोचं तोंड.

“बसलो,” ते तोंड म्हणालं.

“आई कशी आहे?”

ताउनोनं विचार केला. माणसाला सवय नसली की बोलायला वेळ लागतो. “पाव खाल्ला,” तो म्हणाला.

“कुठला पाव?”

तर झालं असं होतं. तेव्हा सरकारी दंडक होता की नुसती दारू विकायची नाही, पेल्याबरोबर खाणं घेतलंच पाहिजे. मग हॉटेलवाले काळ्या पावाच्या चकतीवर खारवलेल्या माशाचा तुकडा ठेवून पेल्याबरोबर आणायचे. तो खायचा नसतो, हे शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तो टेबलावर नुसता हजर राहायचा आणि पेला संपला की दुसऱ्या टेबलावर कामाला जायचा. ताउनोनं आईसाठी गोड वाइनचा पेला मागवला, पाव आला, आणि आईनं तो नव्या कवळीनं शेवटच्या कणापर्यंत खाल्ला.

“वेटर बाई रडवेली झाली,” ताउनो म्हणाला. “तो मंगळवारपासून होता.”

“अगं बाई! आईला काही होतंय का?”

“थोडा कडक होता म्हणाल्या. दुसरा मागितला.” ताउनो थांबला. “मला जायला हवं. मी उठलो की त्या टेबलावर पुरुष नसतो.”

झडप मिटली. हेल्मी खाली उभी. थोड्या वेळानं पुन्हा उघडली.

“आईला नाचायला कुणी बोलावलं का?” हेल्मीनं आधी विचारलं.

ताउनोनं मान हलवली. या वेळी तिचा अर्थ कळला. पुरुष येत होते, टेबलाशी वाकत होते, पण पलीकडच्या टेबलाशी. तिथल्या पोरी विशीतल्या होत्या. आई सरळ बसून, पर्स मांडीवर घेऊन, हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होती.

“मग तुम्हीच नाचा ना तिच्याबरोबर!”

“नाचलो असतो हो,” ताउनो म्हणाला, आणि हेल्मीनं ऐकलेलं हे त्याचं सगळ्यांत लांबलचक बोलणं, “पण मला नाचता येत नाही. मी तीनदा शिकायला गेलो. शिकवणाऱ्या बाईंनी पैसे परत दिले.”

हेल्मीला रडू कोसळलं. पन्नाशीची बाई रात्रभर गाडीत बसून आली, लोकांचे बूट घालून बसली, आणि तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आपण खोटं बोललो नसतो तर आईनं बंदर बघितलं असतं, कॉफी प्यायली असती, सुखानं परत गेली असती. तिनं डोळे पुसले आणि काय करायचं ते करू म्हणून दाराकडे निघाली. पाया पडू दरवानाच्या, खरं सांगून टाकू.

तेवढ्यात आतून बँडवाल्याचा आवाज आला. “बायकांची निवड!”

आमच्याकडे नाचाच्या संध्याकाळी एकदा तरी ही घोषणा होते. मग उलटं राज्य: बायका उठायच्या आणि पुरुषांपुढे वाकायच्या. आणि बायकांच्या निवडीला पुरुषानं नाही म्हणायचं नसतं. हे कुठे छापलेलं नाही, पण बिशप असो की घोडेवाला, उठावंच लागतं.

दाराच्या काचेतून हेल्मीला दिसलं, सभागृहाचा पडदा बाजूला झाला आणि आई बाहेर आली. मोठ्या बुटांनी टपटप करत, वाटेतल्या सगळ्या पुरुषांना ओलांडून, ती सरळ दरवानापुढे येऊन उभी राहिली आणि वाकली.

“चला,” आई म्हणाली. फटीतून सगळं ऐकू येत होतं.

रंतालानं मागे वळून पाहिलं, मागे कुणी आहे का. “बाई, मी ड्यूटीवर आहे.”

“बायकांची निवड लागलीय ना?”

“लागली आहे. पण दार...”

“दार पळून जातंय होय? मी टेबलांवरून बघत आले. सगळ्या हॉटेलात सरळ उभं राहता येणारा माणूस तुम्ही एकटे. नाही म्हणताय का?”

रंताला घामाघूम झाला. जन्मभर ज्यानं दुसऱ्यांना नियम दाखवले त्याच्यापुढे आता नियमच येऊन वाकला होता. त्यानं भिंतीवरच्या नियमांच्या पाटीकडे पाहिलं. पाटीवर सगळं होतं, टाय, टोप्या, पेले, खाणं. पण बायकांच्या निवडीला नाही म्हणायची परवानगी नव्हती. त्यानं सावकाश टोपी काढली, आपल्या खुर्चीवर पुढचा भाग दाराकडे करून ठेवली, आणि आईला दंड दिला.

दार उघडं राहिलं. रांग टोपीकडे बघत उभी राहिली. कुणी हलेना. शपथेवर सांगते, अर्धं गाणं संपलं तरी एवढी माणसं एका टोपीला घाबरून उभी होती. असे होतो आम्ही तेव्हा. मग टेलिफोनवाली पोरगी म्हणाली, “टोपी काही विचारत नाहीये,” आणि तिनं पाय पुसले. तिच्यामागे सगळे, रांगेनं, एकमेकांना आधी वाट देत, बर्फ झाडून, कोट आपापल्या हातानं खुंटीला लावून आणि कोट सांभाळायच्या पैशांसाठी ठेवलेल्या बशीत नाणं टाकून आत शिरले. बायका, पोरी, एकट्या, दुकट्या, कुणाबरोबर कुणी पुरुष नाही. हेल्मीनंही नाणं टाकलं.

आत दुसरं गाणं सुरू झालं होतं, संथ टँगो. रंताला नाचत होता आणि काय नाचत होता! पाठ ताठ, गुडघे मऊ, आईला असा फिरवत होता की लोकरी मोजे कोंबलेले ते बूट जमिनीला टेकतात की नाही कळत नव्हतं. आई डोळे मिटून होती. तिच्या चेहऱ्यावर हेल्मीनं कधी न पाहिलेली एक पोरगी होती. हेल्मी खांबाशी उभी राहून बघत राहिली आणि आपण कुठे आहोत, कशा आलो, हे सगळं विसरली.

दोन गाणी झाली. रंतालानं रीतीप्रमाणे आईला टेबलाशी आणलं, खुर्ची ओढली आणि मान वर केली. तेव्हा त्याला हॉल दिसला. जिथं बघावं तिथं बायका, खुर्च्यांच्या कडेला बसलेल्या, गाल थंडीनं लाल, हात मांडीवर. ताउनोलाही टेलिफोनवालीनं ओढून नेलं होतं आणि तो तिच्या पायांवर पाय देत फिरत होता. रंतालाचा चेहरा पांढरा पडला. त्याची नजर हेल्मीवर थांबली.

“या सगळ्या कुणाबरोबर आल्या?”

“माझ्याबरोबर,” आई म्हणाली.

“आणि तुम्ही? तुमचा पुरुष कुठे आहे?”

“माझा?” आईनं पर्समधला रुमाल काढून कपाळ टिपलं. “मी तुमच्याबरोबर. आत्ता अख्ख्या हॉटेलानं बघितलं की!”

आईनं हेल्मीला हाताला धरून पुढे ओढलं.

“हिला नीट बघून ठेवा, साहेब. ही माझी हेल्मी. दर शनिवारी इथं नाचायला येते.”

हेल्मीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. रंताला तिच्याकडे बघत होता, ओळखीनं बघत होता; समोरच्या फुटपाथवर महिनोन्महिने उभी राहणारी पोरगी त्याला दिसली नसेल कशी? “ही?” तो म्हणाला. “ही तर दर शनिवारी...”

“पुढच्या शनिवारपासून,” आई म्हणाली, आणि तिनं हेल्मीचा हात घट्ट दाबला.